संत्र्याची फोड आणि दाताची सणक

डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरात आली. आम्हा नागपूरकरांकडे संत्री मोजून थोडीच आणतात! पहिली फोड तोंडात टाकली आणि डावीकडच्या दातांतून अशी सणक गेली, की डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काही नाही होत वं, थोडी मिशरी लाव. शिवशिवणं थांबते." मिशरी नाही लावली, पण पंधरा दिवस उजवीकडूनच चावलं. दुखणं अंगावर काढण्यात आपण बायका पटाईत!

शेवटी मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. 1968 पासून अवघा विदर्भ तिथे दात दाखवायला येतो. डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, "घासता कशा?" मी म्हटलं, कडक ब्रशने, चांगला जोर लावून. भांडी घासतो ना, तसं! चूक तिथेच होती. दातावरचं कठीण कवच झिजलं किंवा हिरडी खाली सरकली, की आतला थर उघडा पडतो. त्यात बारीक नळ्या असतात. थंड, आंबट, गोड लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि थेट नसेला कळ पोहोचते.

आता मऊ ब्रश, हलका हात. आंबट खाल्लं की लगेच ब्रश नाही. साधी चूळ भरायची आणि अर्धा तास थांबायचं. गरोदरपणात उलट्या होतात तेव्हाही हेच करायचं, कारण पोटातलं आम्ल दात झिजवतं. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट मिळते, पण तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आपण चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून मोकळ्या होतो! मात्र एकाच दाताला कळ येत असेल, ती रेंगाळत असेल किंवा रात्री झोपू देत नसेल, तर पेस्टवर विसंबू नका. कीड असू शकते, दाताला तडाही गेलेला असू शकतो.

आणि मिशरी? तो भाजलेला तंबाखूच, बायांनो. घटकाभर बरं वाटत असेलही, पण हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. काकूंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लावून, कायचा कॅन्सर?" मग गप्प झाल्या. जरा वेळाने ओठ बाजूला करून हिरडीवरचा पांढरा चट्टा दाखवला. दुखत नाही, म्हणून कोणाला बोलल्याच नव्हत्या.

सोमवारी सकाळी त्यांना घेऊन जातेय.