खानाचा चेहरा आणि कप्तानाची खुर्ची

‘रिबूट’ हा शब्द आता आपल्या घरांतल्या मुलांच्या तोंडी सहज असतो. संगणक अडकला की तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, याला ते रिबूट म्हणतात. सिनेमावाल्यांनी हा शब्द उचलला आणि आपल्या धंद्याला लावला. एखादी गाजलेली चित्रपटमालिका थकली, तिचे कलाकार म्हातारे झाले, की तीच पात्रे नव्या चेहऱ्यांना द्यायची आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घ्यायची. मग जुने चाहते एका बाजूला आणि नवे प्रेक्षक दुसऱ्या बाजूला, असा वाद पेटतो. वरवर पाहता हा वाद करमणुकीचा. पण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानपटांच्या मालिकेवरून जो वाद झाला, तो वाचक हो, तुमच्या-आमच्या दारापर्यंत येतो. कसा, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

‘स्टार ट्रेक’ सुरू झाली ती टीव्हीवर, 8 सप्टेंबर 1966 रोजी. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. तेविसाव्या शतकातले ‘एंटरप्राइझ’ नावाचे अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, आणि त्याचा सोबती स्पॉक, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन नावाच्या ग्रहावरचा. यानाच्या मुख्य कक्षात कोण कोण बसते, हे त्या काळात फार मोठे होते. अमेरिकेत काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा चालू होता, तेव्हा इथे उहुरा ही आफ्रिकी वंशाची स्त्री अधिकारी होती. दुसऱ्या महायुद्धाला वीस-एकवीस वर्षे झाली होती, आणि सुलूच्या भूमिकेत जॉर्ज टाकेई होते. जपानी वंशाचे म्हणून लहानपणी याच अमेरिकेने त्यांना कुटुंबासकट छावणीत डांबले होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना पुढे चेकॉव्ह नावाचा रशियनही त्याच कक्षात येऊन बसला. उहुरा झालेल्या निशेल निकोल्स मालिका सोडायच्या विचारात होत्या. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या.

या मालिकेचा प्रेक्षक पहिल्यापासून नुसता प्रेक्षक राहिला नाही. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी 1968 मध्ये, मालिका पुढे चालू राहील, असे टीव्हीवर जाहीर करावे लागले. तरी तिसऱ्या वर्षानंतर ती थांबलीच. पण 1976 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ठरत होते, तेव्हा पुन्हा हजारो पत्रे गेली आणि ठरलेले नाव बदलून ‘एंटरप्राइझ’ ठेवले गेले. ज्यांनी पत्रे लिहून गोष्ट जगवली, त्यांना ती आपल्या मालकीची वाटली तर नवल नाही. वाडवडिलांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिलेल्या माणसानेही चाळीस वर्षे भिंतींना चुना लावला, की त्याचा त्या भिंतींवर जीव जडतोच.

1979 पासून या मालिकेचे चित्रपट निघू लागले. जुन्या कलाकारांचे सहा झाले, त्यांच्या पुढच्या पिढीचे चार. 2002 सालचा दहावा चित्रपट आपटला. 2005 मध्ये त्या वेळी चालू असलेली टीव्ही मालिकाही गुंडाळली गेली. मग दिग्दर्शक जे. जे. एब्रॅम्स यांच्याकडे काम आले. लहानपणी आपण ‘स्टार ट्रेक’चे चाहते नव्हतो, हे त्यांनी उघड सांगितले होते. तेलाचा हा पहिला थेंब आगीवर पडला. कर्क म्हणून क्रिस पाइन, स्पॉक म्हणून झॅकरी क्विंटो. विल्यम शॅटनर आणि लेनर्ड निमॉय यांच्या जागी ही कालची पोरे?

त्यावर चित्रपटवाल्यांनी नामी युक्ती काढली. एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात चाहत्यांना 1982 सालचा जुना चित्रपट पाहायला बोलावले. तो सुरू झाला आणि थोड्याच वेळात फिल्म बिघडल्याचे नाटक झाले. दिवे लागले, आणि मंचावर खुद्द निमॉय आले. नवा चित्रपट पाहणार का, असे त्यांनी विचारले. सभागृहाने काय उत्तर दिले असेल, ते सांगायला नको. नवा चित्रपट तिथे पूर्ण दाखवला गेला.

चित्रपटाची रचनाही तितकीच हुशारीची होती. भविष्यातून आलेला एक सूडाने पेटलेला जहाजवाला भूतकाळात हल्ला करतो, आणि तिथून काळाची वाट दुभंगते. जुने चित्रपट जुन्या वाटेवर शाबूत राहतात, नवे नव्या वाटेने चालू लागतात. म्हातारा स्पॉक, म्हणजे निमॉय, जुन्या वाटेवरून नव्या वाटेवर येतो आणि तरुण स्पॉकला भेटतो. म्हणजे जुन्याला पुसलेले नाही आणि नव्याला बांधलेलेही नाही.

तरी वाद मिटला नाही. एक बाजू म्हणाली, ‘स्टार ट्रेक’ म्हणजे विचार होता. युद्ध टाळण्यासाठी कप्तान डोके चालवायचा. आता नुसती धावपळ, स्फोट आणि पडद्यावर डोळे दिपवणारे प्रकाशाचे पट्टे. प्रशिक्षण घेणारा पोरगा एका फटक्यात कप्तान कसा होतो? स्पॉकचा व्हल्कन ग्रहच उडवून टाकला, ही काय गंमत? यानाची इंजिनखोली चित्रित केली ती चक्क बिअरच्या कारखान्यात, हेही चाहत्यांनी हुडकून काढले आणि बरेच दिवस चघळले. दुसरी बाजू म्हणाली, अहो, 2002 साली तुमचा विचार पाहायला थिएटरात होते किती जण? घर बंद ठेवून पडू द्यायचे, की नव्या सुनेला स्वयंपाकघर आपल्या पद्धतीने लावू द्यायचे? चित्रपट जगभर चालला. रंगभूषेचे ऑस्कर मिळाले, आणि या मालिकेच्या वाट्याला आलेले ते पहिलेच ऑस्कर.

हा वाद आपल्याला नवा वाटू नये. इम्तियाज अली ताज यांनी 1922 मध्ये ‘अनारकली’ हे उर्दू नाटक लिहिले. मूकपटाच्या काळात, 1928 मध्ये, अनारकली झाल्या सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स. बोलपट आल्यावर 1935 मध्ये त्याच पुन्हा अनारकली झाल्या. 1953 मध्ये बीना रॉय अनारकली झाल्या, तेव्हा सुलोचना त्याच चित्रपटात जोधाबाईच्या भूमिकेत होत्या. जुनी अनारकली नव्या अनारकलीसमोर सलीमची आई म्हणून उभी राहिली. निमॉय यांनी 2009 मध्ये जे केले, ते आपल्याकडे 56 वर्षे आधीच होऊन गेले होते. मग 1960 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ आला, आणि बीना रॉय की मधुबाला, हा वाद आपल्या घरांतल्या दादी-नानींनी पानाचा डबा मध्ये ठेवून घातलाच असेल.

‘अनारकली’ इथे सहज आठवली असे नाही. 2009 च्या ‘स्टार ट्रेक’ची सुरुवात आठवा. पडद्यावर पहिला कप्तान दिसतो तो कर्क नव्हे. ‘केल्विन’ या यानाचा कप्तान रोबाउ दिसतो. सावळा, डोक्याचा तुळतुळीत गोटा, शांत आवाज. शत्रूने बोलावल्यावर तो आपली खुर्ची कर्कच्या बापाकडे सोपवतो आणि एकटा शत्रूच्या जहाजावर जातो. आपण परतणार नाही, याची त्याला कल्पना असते. ही भूमिका करणारा फरान ताहिर हा इम्तियाज अली ताज यांचा नातू, मुलीचा मुलगा. अमेरिकेत जन्मला, पाकिस्तानात वाढला. आई यास्मिन ताहिर रेडिओवरचा गाजलेला आवाज, वडील नईम ताहिर रंगभूमी आणि टीव्हीवरचे नट. ज्यांच्या घरी चचा छक्कनच्या करामतीही लिहिल्या गेल्या, त्या आजोबांचा नातू तेविसाव्या शतकातल्या यानाचा कप्तान झाला.

आता त्याच्या एक वर्ष आधीचे पाहा. 2008 मध्ये ‘आयर्न मॅन’ आला होता. त्यात अफगाणिस्तानातल्या गुहेत नायकाला ओलीस ठेवणाऱ्या टोळीचा म्होरक्या, रझा, कोण होता? हाच फरान ताहिर. माणूस तोच, चेहरा तोच. एका वर्षी गुहेतला दहशतवादी, दुसऱ्या वर्षी आपल्या माणसांसाठी जीव देणारा कप्तान. आणि कप्तानाचे नाव असे ठेवलेले, की त्यावरून त्याचा धर्म सांगता येऊ नये. त्याच्या चेहऱ्याबद्दल चित्रपटात कोणी एक अक्षर बोलत नाही. तो कप्तान आहे, एवढे पुरेसे असते. रिबूटने जुन्या मालिकेचे वचन पाळले म्हणायचे, तर ते इथे.

पण त्याच मंडळींनी चार वर्षांनी एक घोळ घातला. 1967 मध्ये जुन्या मालिकेत एक खलनायक आला होता, खान नूनियन सिंग. नाव वाचून हसू येते. खान आणि सिंग एकाच नावात कोंबण्याचे धाडस परदेशी लेखकच करू जाणे. हा आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर राज्य केलेला हुकूमशहा. तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असे यानावरची इतिहासतज्ज्ञ बाई म्हणते आणि त्याचे पगडीतले चित्रही काढते. भूमिका केली मेक्सिकोचे रिकार्डो मोंटाल्बान यांनी. 1982 च्या चित्रपटात ते परतले, आणि तो चित्रपट चाहत्यांच्या गळ्यातला ताईत झाला. गंमत म्हणजे अगदी पहिल्या आराखड्यात हे पात्र उत्तर युरोपातले होते.

2013 च्या ‘स्टार ट्रेक इंटू डार्कनेस’मध्ये हा खान पुन्हा आला. आधी महिनोन् महिने लपवाछपवी झाली, पात्राचे नावच वेगळे सांगितले गेले. पडदा उघडला तेव्हा खान निघाला गोरापान इंग्रज, बेनेडिक्ट कंबरबॅच. नट मोठाच, पण चाहते खवळले. एवढ्या मोठ्या जगात एक भारतीय वंशाचा नट मिळाला नाही? त्या वर्षी लास वेगासच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी सगळ्या चित्रपटांचा क्रम लावला. 1982 चा खान पहिला आला, 2013 चा अगदी तळाशी. तिकीटबारीवर मात्र जगभरात या मालिकेतली सर्वांत मोठी कमाई त्याच चित्रपटाने केली.

यावर लेखकांपैकी एक, रॉबर्टो ओर्सी, यांनी दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. चित्रपटात शहरातला स्फोट आहे, दहशतीचा विषय आहे. अशा गोष्टीत सावळ्या, विशेषतः मध्यपूर्वेतला वाटेल अशा माणसाला सैतान म्हणून दाखवणे आपल्याला नको वाटले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

हे ऐकून काय म्हणावे? आभार मानावेत, की तक्रार करावी? सावळा खान दाखवला असता तर आपण म्हटले असते, पुन्हा आपल्यालाच खलनायक केले. गोरा दाखवला तर म्हणतो, आमची जागा घेतली. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, कारण अडचण खानाच्या चेहऱ्यात नाहीच. अडचण खुर्च्यांच्या संख्येत आहे. आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाला पडद्यावर एकच खुर्ची मिळत असेल, तर तिच्यावर कोण बसतो याचे ओझे सगळ्या जमातीच्या खांद्यावर येते. खुर्च्या चार असल्या, त्यात एक कप्तान, एक डॉक्टर, एक गणिती आणि एक बदमाश असला, की त्या बदमाशाची लाज कोणाला वाटत नाही. इंग्रज खलनायक पाहून लंडनमधले एखादे घर आपली मान खाली घालते का?

खुर्च्या वाढू शकतात, हे याच मालिकेने दाखवले आहे. 1993 ते 1999 या काळात तिच्या ‘डीप स्पेस नाइन’ या टीव्ही अवतारात डॉ. ज्युलियन बशीर होता. ही भूमिका सुदानमध्ये जन्मलेल्या सिद्दिग यांनी केली. डॉक्टर हुशार, थोडा बढाईखोर, मित्रासाठी धावून जाणारा. सात वर्षे एकच माणूस घरी दिसत राहिला, की तो नमुना राहत नाही, ओळखीचा होतो. 2016 च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या शोहरे अघदाश्लू वरिष्ठ अधिकारी होत्या आणि अल्जीरियात जन्मलेल्या सोफिया बुतेला एक शूर मुलगी. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, आणि चर्चा न होणे हेच चांगले लक्षण.

म्हणून रिबूट चांगला की वाईट, याचा फैसला करताना नवा कर्क जुन्यासारखा दिसतो का, एवढेच पाहून भागत नाही. मूळ गोष्टीने शब्द काय दिला होता आणि नव्याने तो पाळला का, हे पाहावे. ‘स्टार ट्रेक’ने 1966 मध्ये शब्द दिला होता, की उद्याच्या जगात सगळे एकाच कक्षात बसतील. त्या कसोटीला कप्तान रोबाउ उतरतो. 2013 चा खान उतरत नाही, मग त्यामागचा हेतू कितीही नेक असो.

सुट्टीत घरी पाहायचा विचार असेल, तर 1982 चा खान आधी पाहा आणि मग 2009 चा चित्रपट. दोन्हींत मारामारी आहे, त्यामुळे अगदी लहानग्यांना दूर ठेवलेले बरे. कळत्या मुलांना पाहताना एकच काम द्या: कोणाला कोणती खुर्ची मिळाली, ते मोजायचे. नंतर हाच हिशेब त्यांना त्यांच्या आवडत्या हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत करायला सांगा. आकडे पाहून जेवणाच्या दस्तरखानावर वाद झाला, तर होऊ द्या.