औषधाची चिठ्ठी संगणकावर : विश्वस्तांनी सही करण्यापूर्वी

आपल्याकडील धर्मादाय रुग्णालये ज्या विश्वस्त मंडळांमार्फत चालतात, त्यांत व्यापारी मंडळी असतातच. या मंडळांच्या बैठकीत आता असा प्रस्ताव येऊ लागला आहे की, डॉक्टरांनी औषधे केसपेपरवर न लिहिता संगणकावर नोंदवावीत आणि ती नोंद वॉर्डातून थेट औषधभांडाराच्या पडद्यावर जावी. प्रस्तावासोबत कंपनीचे कोटेशन असते. विश्वस्त रकमेवर घासाघीस करतात, चार पैसे कमी करून घेतात आणि मंजुरी देतात. आमचे म्हणणे असे की, ही घासाघीस नको त्या ठिकाणी होते.

प्रस्ताव मुळात चांगला आहे, यात वाद नाही. कागदाची पद्धत धोक्याची आहे. इन्सुलिनचे ४ युनिट लिहिताना युनिटचा इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसला, तर ४ चे ४० होतात. १.० मधले टिंब पुसट उमटले, तर १ चे १० होतात. आमच्या कापडाच्या धंद्यात दहाच्या जागी शंभर थान गेले तर माल परत मागवता येतो. पोटात गेलेले औषध परत मागवता येत नाही. नावांचा घोळ तर विचारूच नका. मलेरियावरील 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांच्या नावांचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. औषधांच्या बाबतीत नावातील साम्य इतर मालापेक्षा अधिक कडकपणे तपासले पाहिजे, असे न्यायालयाने २००१ साली सांगितले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ साली केला.

संगणकाने यातील पुष्कळ चुका टळतात. अमेरिकेत बोस्टन शहरातील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये ही पद्धत आल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, असा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. विक्रेते हा आकडा आवर्जून दाखवतात. दुसरा आकडा ते दाखवत नाहीत, म्हणून तो येथे देतो.

त्याच देशात पिट्सबर्ग येथील मुलांच्या रुग्णालयात २००२ साली ही यंत्रणा अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लावण्यात आली. दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे आणलेल्या गंभीर आजारी मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी २.८ टक्के होते. यंत्रणा आल्यानंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के भरले. २००५ साली डॉक्टरांनी स्वतःच हा हिशेब छापला. मूल दारात पोचून त्याची नोंदणी झाल्याशिवाय संगणक औषधाची नोंद घेत नव्हता. त्याच सुमारास अतिदक्षता विभागात हाताशी असलेली औषधे मध्यवर्ती भांडारात हलविली गेली. पूर्वी मूल वाटेवर असतानाच औषध तयार होत असे, ते बंद झाले.

पुढे सिएटल येथील मुलांच्या रुग्णालयाने त्याच कंपनीची यंत्रणा बसविली. मात्र पिट्सबर्गचा अनुभव समजून घेऊन आधी तयारी केली. तेथे मृत्यू वाढले नाहीत. यंत्र एकच होते, फरक बसविण्यात होता. लॉस एंजेलिसच्या सेडर्स-सायनाय रुग्णालयात तर, नोंदीत फार वेळ जातो म्हणून डॉक्टरांनीच विरोध केला आणि २००३ च्या जानेवारीत यंत्रणा बंद करावी लागली.

आता आपल्या देशाकडे पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले. सुमारे दोन आठवडे तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले. एम्सची ही अवस्था, तर तालुक्याच्या गावातील पन्नास खाटांच्या रुग्णालयाने कागद पूर्णपणे काढून कसे चालेल?

आणखी एक गोष्ट आहे. चिठ्ठी घेऊन सिस्टर खिडकीवर येते, तेव्हा फार्मासिस्ट विचारतो, "मुलाचे वजन किती?" या एका प्रश्नात चूक पकडली जाते. नोंद पडद्यावर आली की हे बोलणे बंद होते. वर संगणकाच्या स्वतःच्या चुका असतातच. यादीत एक ओळ खाली बोट गेले की भलतेच औषध निवडले जाते. प्रत्येक नोंदीवर इशारा येऊ लागला की डॉक्टर तो न वाचताच पुढे सरकतात. आमच्या पेढ्यांवर बिले संगणकावर निघू लागली, तरी थान मोजून घेणारा माणूस आम्ही काढलेला नाही. औषधभांडारात मात्र, संगणक आला म्हणून एक माणूस कमी करा, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब उलटा आहे.

सबब, सही करण्यापूर्वी विश्वस्तांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. औषधांची यादी, त्यांची ताकद आणि मुलांचे वजनानुसार डोस कोण तपासून भरणार? तातडीच्या वेळी तोंडी सांगण्यावरून औषध काढून नोंद मागाहून करता येईल काय? वीज किंवा नेटवर्क गेल्यास छापील फॉर्म कोठे ठेवले आहेत आणि त्यांचा सराव कधी झाला? शंका आली तर नोंद थांबविण्याचा अधिकार फार्मासिस्टला आहे काय आणि रात्रपाळीला तो हजर असतो काय? उद्या कंपनी सोडून गेली, तर रुग्णांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार?

प्रारंभ एकाच वॉर्डापासून करावा. पकडलेल्या व सुटलेल्या चुकांची नोंद दोन-तीन महिने वहीत ठेवावी आणि मगच पुढचा वॉर्ड घ्यावा. कंपनीला घाई असते, रुग्णालयाला नसावी.

ट्रस्टचा पैसा ही लोकांची अमानत आहे. यंत्रावर दहा टक्के सूट मिळविण्यापेक्षा, त्याच कोटेशनात कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि रात्रपाळीच्या फार्मासिस्टचा पगार धरला आहे की नाही, हे पाहावे. धरला नसेल तर सही करू नये.