सर, तो ‘आज्ञाधारक’ शब्द खोडा



मागच्या बैठकीत एक कार्यकर्ता ताडकन उठला. म्हणाला, परदेशी विद्यापीठात शिकायला जायचं तर प्रोफेसरांची शिफारसपत्रं लागतात. दोन, नाहीतर तीन. म्हणजे वशिलाच की! बाबासाहेबांच्या पोरांनी कुणाच्या दारात चिठ्ठी मागत उभं राहायचं नाही. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. घरी येताना वाटेतच त्या टाळ्यांची लाज वाटायला लागली.

चिठ्ठी काय असते ते मला माहीत आहे. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन पाळ्या सांभाळून. कोण कायम होणार आणि कोण बदलीवरच झिजणार हे आमच्याकडे अजून मुकादमाच्या जिभेवर असतं. आपल्या आज्या-पणज्यांनी तर मुंबईत जॉबरचं राज्यच भोगलं. जॉबरचा गाववाला आत, जॉबरचा जातवाला आत, जॉबरला पैसे चारणारा आत. साचेखात्यात पगार जास्त, तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि आपल्या थुंकीनं त्यांचा धोटा बाटायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढं हाच सवाल टाकला होता.

तो वशिला. तिथं कामाला कुणी विचारत नव्हतं, तू कुणाचा एवढंच विचारत होते. शिफारसपत्राला त्याच पोत्यात कोंबून आपण मोकळे होतो आणि तिथंच फसतो. खरं शिफारसपत्र ही साक्ष असते. ज्यानं काम डोळ्यांनी बघितलं त्यानं सही ठोकून सांगायचं: मी बघितलं, हिनं हे केलं, अमुक वर्षी केलं. आपल्या बाजूनं साक्ष द्यायला माणूस उभा राहत नाही म्हणजे काय होतं, हे ॲट्रॉसिटीच्या केसेससाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पोरांना मी काय सांगू? साक्षीदार फिरला की आरोपी सुटला. इथं फक्त आरोपी दिसत नाही.

आणि बाबासाहेबांचं काय? बागेत बसून हा पोरगा काय वाचतो ते केळुसकर गुरुजींनी स्वतः बघितलं होतं. 1907 ला मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच स्वतःचं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं, आणि पुढं सयाजीराव महाराजांपुढं शब्द टाकला. कॉलेजसाठी महिना 25 रुपये मिळाले. 1913 ला बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. 1916 ला लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाचे प्रोफेसर एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. ती भीक होती का? सेलिग्मननी पोराचा कस बघितला होता, तेच लिहिलं. आणि फॉक्सवेलनी पुढं तिथल्या कचेरीला जे कळवलं त्याचा मतलब असा होता, की या माणसाला जिंकायला इथं काही शिल्लकच नाही.

1917 ला बडोद्यात त्यांना राहायला कुणी खोली दिली नाही, हे आपल्याला तोंडपाठ आहे. सेलिग्मनचं पत्र किती जणांना माहीत होतं, सांगा बरं.

आता आमच्या वस्तीतली गोष्ट. कॉलेजचं नाव घेत नाही, सरांचंही नाही. नाव घेतलं की भांडण नावाचं होतं आणि मुद्दा मरतो.

पोरगी अर्थशास्त्रात एम.ए. झाली. बाप पालिकेत झाडू खात्यात. प्रबंधासाठी ती आपल्याच वस्तीत घरोघर फिरली, मायक्रोफायनान्सचे हप्ते भरणाऱ्या बायकांकडं. दोन वह्या भरल्या. कुठली बाई पहिल्या कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढते, कोण मंगळसूत्र ठेवते, कोण वसुलीवाला आला की मागच्या दारानं निघते, सगळं तारीखवार. सरांनी त्या वह्या स्वतः तपासल्या. वर्गापुढं वाचून दाखवायला लावल्या. सर आपलेच. जयंतीला निळा फेटा बांधून पहिल्या रांगेत असतात.

अर्जाची तारीख आली. सर म्हणाले, ‘‘तूच लिहून आण, मी सही करतो.’’ ही आपल्याकडची रीतच झालीय. पोरगी माझ्याकडं आली.

‘‘दादा, तू कविता करतोस. तू लिही.’’

‘‘अगं, मी दहावी. प्रोफेसरचं पत्र मी लिहू?’’

‘‘तू मला ओळखतोस ना?’’

म्हटलं, माझ्या ओळखीला कोण विचारतंय, सरांनी काय बघितलं ते सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वह्या सरांनी कधी तपासल्या. एका कोष्टकात सरांचीच चूक निघाली ती हिनं कशी दाखवली, आणि सरांनी ती भर वर्गात कशी मान्य केली. वसुलीवाल्यानं धमकावलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत परत कशी गेली. खोटं एक अक्षर नाही. मराठीत लिहिलं, तिनं इंग्रजी केलं. रात्रीचे दोन वाजले. खरं सांगतो, माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा ते पत्र चांगलं होतं.

सरांनी वाचलं. ‘‘एवढं कोण लिहितं का? फार होतंय हे.’’ सगळं खोडलं. लेटरहेडवर चार ओळी आल्या: ही माझी विद्यार्थिनी आहे. आज्ञाधारक, प्रामाणिक, कष्टाळू आहे. वर्तणूक चांगली आहे. उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. ‘‘माझ्या मेलवरून तूच पाठवून दे,’’ म्हणाले. म्हणून तर आम्हाला दिसलं. नाहीतर ते गुपितच राहिलं असतं.

दोस्तांनो, हा शाळा सोडल्याचा दाखला झाला. चारित्र्याचं सर्टिफिकेट. आपल्याकडं ते चालतं, कारण आपल्याकडं मार्कलिस्टच बोलते, पत्र कुणी वाचत नाही. तिकडं वाचतात. परदेशी विद्यापीठाच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात आणि मार्क सगळ्यांनाच चांगले असतात. मग पोराचा कस कुठून कळणार? पत्रातून. लिहिणारा याला किती वर्षं ओळखतो, कुठल्या कामात बघितलं, आजवर शिकवलेल्या पोरांत हा कुठं बसतो. काही फॉर्मात तर खुणाच करायच्या असतात, वरच्या 5 टक्क्यांत की 10 की 25. अशा ठिकाणी चार ओळींचं गुळमुळीत पत्र गेलं की वाचणारा समजतो, लिहिणाऱ्याला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. आणि ‘आज्ञाधारक’? तिकडं नवं काही शोधणारा माणूस हवाय. आज्ञाधारक म्हणजे स्वतःचं डोकं नसलेली, असंच ते वाचतात. आपल्याला हजारो वर्षं हीच एक पदवी मिळत आली. आता तीच इंग्रजीत टाईप करून, वर कॉलेजचा शिक्का मारून साता समुद्रापार पाठवायची?

पत्र गुप्त असतं. अमेरिकेत 1974 च्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी बघायचा हक्क आहे, पण शिफारसपत्रापुरता तो हक्क सोडतो अशी खूण अर्जात करून घेतात. केली नाही तर पत्राचं वजन घटतं. म्हणजे कुणी तुमचा गळा कापला तरी रक्त दिसायचं नाही. शिवी दिली तर केस करता येते. कोमट पत्रावर कुठलं कलम लावणार?

फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी 2003 साली एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेच्या वर शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. बायकांची पत्रं आखूड निघाली, शंका पेरणारी वाक्यं त्यांच्या पत्रांत जास्त निघाली. लिहिणारे काही दुष्ट नव्हते, हात तसा वळत होता. तो हात आपल्याकडं कुठं वळतो ते बघायचं तर दिल्लीच्या एम्सवरचा 2007 चा थोरात समितीचा अहवाल वाचा. आपली पोरं सांगतात, शिक्षक जवळ करत नाहीत, तोंडी परीक्षेत दुजाभाव होतो. ज्यानं वर्षभर जवळच केलं नाही तो पत्रात काय लिहिणार?

पण माझं भांडण त्यांच्याशी नंतर. आधी आपल्या सरांशी आहे.

सर, तुम्ही चार ओळी का लिहिल्या ते मला कळलंय. तुम्ही भ्यालात. आपल्या जातीच्या पोरीला चढवून लिहिलं असं उद्या कुणी म्हणेल, स्टाफरूममध्ये हसेल, ही भीती. तुमच्या शेजारच्या खुर्चीतला माणूस मित्राच्या मुलासाठी दोन पानं लिहितो, वर बोस्टनला फोन लावतो, त्याला अशी भीती शिवत नाही. तटस्थपणा दाखवायचा ठेका एकट्या तुम्हीच घेतलाय. 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली. तुम्ही दरवर्षी ते भाषणात सांगता. दगा म्हणजे दर वेळी पैसे खाणं नसतं सर. खरं माहीत असून ते कागदावर न उतरवणं, हाही दगाच. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 ला भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे विषयच वगळले, तेव्हा निषेधाच्या पत्रकावर तुमची सही पहिली होती. तीच सही या पत्राखाली मेंगळट का झाली?

एक गोष्ट आमच्या मांडणीत बसत नाही, पण लिहिलीच पाहिजे. त्याच कॉलेजातल्या एका बामण बाईंनी तिला दुसरं पत्र दिलं. नोव्हेंबरात वीस-बावीस पोरांची पत्रं त्यांच्या अंगावर होती. तरी त्यांनी हिला समोर बसवलं, वह्या मागितल्या, दोन दिवस ठेवून घेतल्या आणि पान भरून लिहिलं. आम्हाला दाखवलं नाही. दाखवायचं नसतंच. पण वह्या परत आल्या त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

तीनही ठिकाणांहून नकार आला. सरांच्या पत्रामुळंच आला असं मी म्हणणार नाही. नकाराला कारण लिहिलेलं नसतं.

आता पोरांना एक सांगतो. आमदाराचं लेटरहेड आणू नका. अरे, तोच तर वशिला! त्यानं तुम्हाला मोर्चात बघितलंय, ग्रंथालयात नाही. कुलगुरूंची सही मिळतेय म्हणून हुरळू नका, ज्यानं तुमची वही तपासली त्याच्याकडं जा. पहिल्या वर्षापासून एक वही ठेवा: काय केलं, कधी केलं, कुठल्या मास्तरांनी बघितलं. आम्ही गिरणीत हजेरी ठेवतो तशी. दोन महिने आधी जा. आठ दिवस आधी जाऊन मग सरांना शिव्या घालू नका, तोही आपला एक रोग आहे. वहीतलं एक पान त्यांच्या हातात द्या आणि उभ्यानं विचारा: सर, जोरदार लिहाल का? नसेल जमत तर सांगा, राग नाही. सर खाकरले, खिडकीबाहेर बघायला लागले, की जयभीम घालून निघा. दुसरं दार शोधा. आणि पत्र झाल्यावर निकाल काहीही लागो, जाऊन कळवा.

तो बैठकीतला कार्यकर्ता आता मला म्हणतो, तू मवाळ झालास. होऊ दे. मी त्याला विचारलं, तुझ्या शाखेतली किती पोरं काय शिकतात ते तारखेसकट सांग. त्याला तिघांची नावं आठवली.

पोरगी परत अर्ज करतेय. तीन पत्रं लागतात. बाईंनी होकार दिलाय. प्रबंधाची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या मास्तरांनीपण दिलाय, त्यांना तिचं ते कोष्टक अजून आठवतं. तिसऱ्यासाठी रविवारी आम्ही दोघं परत त्याच सरांकडं चाललोय. माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी. दोन्ही वह्या सोबत घेतल्यात, आणि त्यांनी खोडलेला तो कागदसुद्धा.