हायड्रोजन बसची कसोटी टाकीवर

मुळशी तालुक्यातील माण येथे मुख्यालय असलेल्या केपीआयटीने ‘सीएसआयआर’च्या साथीने विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात दाखल झाली. धुराऐवजी वाफ सोडणाऱ्या या बसचे कौतुक झाले. चर्चा मात्र फ्युएल सेलभोवतीच फिरते. इंधनाच्या टाकीकडे फारसे कोणी पाहत नाही.

एक किलो हायड्रोजनमध्ये तेवढ्याच डिझेलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते. पण साध्या दाबाला तो सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. म्हणून बसमध्ये तो सहसा ३५० बार दाबाखाली भरतात. पोलादाची टाकी फार जड होते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या अस्तरावर रेझिनमध्ये भिजवलेले कार्बन तंतू गुंडाळतात. तंतू ताण सोसतात, रेझिन त्यांना बांधून ठेवते. घरगुती गॅसचा कंपोझिट सिलिंडर याच जातीचा, पण कमी दाबाचा.

अडचण रेझिनची आहे. नेहमीचे इपॉक्सी ठिसूळ असते. टाकी वारंवार भरली-रिकामी झाली की त्यात बारीक तडे जाऊ शकतात. शिवाय हायड्रोजनचा रेणू इतका लहान, की तो प्लॅस्टिकमधूनही झिरपतो.

येथे द्रव-स्फटिकी पॉलिमर उपयोगी ठरू शकतात. त्यांचे काठीसारखे ताठ रेणू द्रवरूपातही काडेपेटीतील काड्यांसारखे एका दिशेने लागतात. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये अशाच द्रावणातून केव्हलारचा मार्ग शोधला. दाट रचनेमुळे वायूला वाट सापडत नाही. याच रचनेचे इपॉक्सी तडा सहज पुढे सरकू देत नाही.

मात्र हे रामबाण नव्हे. रेणूंच्या दिशेने मजबूत असलेला पदार्थ आडव्या दिशेने कमकुवत असतो. वितळवून वापरायच्या प्रकारांना बहुधा २८० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान लागते, आणि किंमतही जास्त असते.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेच्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के ठेवले आहेत. पाषाणला पॉलिमर संशोधनाची जुनी परंपरा असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ही पुण्यातच आहे. रेझिनपासून टाकीच्या चाचणीपर्यंतची साखळी एकाच शहरात जुळू शकते. ती जुळवली नाही, तर इंधन आपले आणि टाकी परदेशी, अशी गत होईल.