आधी झोप, मग जागरण



परीक्षा जवळ आल्या की आपल्या वस्तीत एक तक्रार हमखास ऐकू येते. "पुस्तक उघडलं की डोळे मिटतात." घरातली वडीलधारी माणसे याला आळस म्हणतात. मुलगाही मनातल्या मनात स्वतःलाच दोष देतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत आणि आपल्याला दोन तासही बसवत नाही, ही बोच त्याला अधिकच खचवते. म्हणून आज या झोपेचाच विचार करू.

आधी हे पाहू, की हा विद्यार्थी दिवसभर करतो काय? चकलांब्याहून गेवराईच्या कॉलेजला जाणारा मुलगा सकाळी एस.टी. गाठतो. परत आल्यावर वेचणीच्या दिवसांत कापसाच्या शेतात रोजाने जातो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली तर पिकाला पाणी द्यायला रात्री शेतात उभा राहतो. ऊसतोडीचा हंगाम लागून आईवडील मुकादमाबरोबर कोयता घेऊन गेले, की घरी उरतात म्हातारी आजी आणि धाकटी भावंडे. घरी राहिलेली मुलगी असेल तर पाणी, भाकरी, भांडी, धुणे सगळे तिच्याच माथी. एवढे उरकून रात्री दहाला पुस्तक उघडल्यावर डोळे मिटले, तर त्याला आळस म्हणणे अन्याय आहे. शरीर आपली उधारी मागत असते.

आता बाबासाहेबांचेच उदाहरण नीट पाहू. मुंबईत परळच्या चाळीत सुभेदार रामजींचे सारे कुटुंब एका खोलीत राहत होते. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा. जाते तिथेच आणि शेळीही तिथेच. दिवसा व संध्याकाळी त्या गलक्यात अभ्यास होणे कठीण. यावर रामजींनी काढलेला मार्ग चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. भीम संध्याकाळी लवकर झोपी जाई. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्यानंतर आपण आडवे होत. चाळ शांत झाल्यावर रॉकेलच्या दिव्याशी अभ्यास चाले. असा अभ्यास करून १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले.

या गोष्टीतला 'रात्री दोन' आपण लक्षात ठेवला आणि 'लवकर झोपी जाई' हे विसरलो. मुलाची झोप आधी पुरी होत होती, म्हणून दोननंतरचे वाचन डोक्यात शिरत होते. दुसरे असे की, जागण्याचा अर्धा भार बापाने उचलला होता. तो काही एकट्या मुलाचा पराक्रम नव्हता, ती घराने लावलेली शिस्त होती. १४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. अभिवादन म्हणून तो जरूर करावा. पण एका दिवसाचे अभिवादन वेगळे आणि वर्षभराचा अभ्यास वेगळा.

झोपेशी झगडणारे आपण पहिलेच नाही. तथागतांचे पुढे अग्रश्रावक झालेले महामोग्गलान मगध देशात ध्यानाला बसले असता पेंगू लागले. तेव्हा तथागतांनी त्यांना केलेला उपदेश अंगुत्तर निकायात आहे. त्यात रागावणे नाही, साधे उपाय आहेत. ज्या विचारात गुंतल्याने झोप येते तो सोडावा. ऐकलेला धम्म मनात घोळवावा, त्याचे पठण करावे. कानाच्या पाळ्या ओढाव्यात, हातापायांना चोळावे. उठून डोळ्यांवर पाणी मारावे, आकाशातल्या चांदण्यांकडे पाहावे. मनात उजेड आणावा. येरझारा घालाव्यात. आणि एवढे करूनही झोप हटली नाही तर? तर उजव्या कुशीवर झोपावे, मात्र उठायची वेळ मनाशी धरून, आणि जाग येताच उठावे. झोप नाकारण्याचा हट्ट खुद्द बुद्धांनीही धरलेला नाही.

हाच उपदेश आपल्या अभ्यासाला लावू. अंथरुणात पडून वाचू नये. ओट्यावर ताठ बसावे, दिवा समोर घ्यावा. नुसते डोळे फिरवण्याऐवजी मोठ्याने म्हणावे, लिहून काढावे, धाकट्या भावाला समजावून सांगावे. पेंग आली की अंगणात दहा मिनिटे फिरून यावे, तोंडावर गार पाणी मारावे. तरीही अक्षरे नाचू लागली तर वीस मिनिटे खुशाल आडवे व्हावे आणि कुणाला तरी उठवायला सांगावे. रात्री जेवण हलके ठेवावे. भरल्या पोटी कुणालाही सुस्ती येते.

चहाचेही ऐका. चहातले कॅफिन अंगातून निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेला कडक चहा एक वाजेपर्यंत अर्धा शिल्लक असतो. त्याने अभ्यास वाढेलच असे नाही, झोप मात्र बिघडते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या येतात. वाचलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच होते, असे विज्ञान सांगते. विशीतल्या तरुणाला सात तास तरी झोप हवी. त्याहून लहानांना आठ किंवा अधिक. रात्री साडेनऊला पाठ टेकून साडेचारला उठले तर सात तास झाले, आणि एस.टी.च्या आधी दोन तास शांत अभ्यासही झाला. मोबाईल मात्र उशाशी नको. गजर लावून हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. उठल्याशिवाय तो बंद करता येणार नाही.

पुरेशी झोप घेऊनही सतत ग्लानी असेल, धाप लागत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्याचा थकवा आळसासारखाच दिसतो. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रात्रभर पाणी दिल्यावर पहाटे पेंगत मोटारसायकल चालवू नये. परीक्षा पुन्हा देता येते.

शेवटचे सांगणे पालकांना. मुलगी परीक्षेला बसली असेल तर दोन महिने पाणी भरणे आणि भांडी भावाने करावीत. त्यात त्याचे काही कमी होत नाही. रात्री नऊनंतर घरातला टीव्ही बंद करावा. विहारात पंख्याची, दिव्याची सोय असेल तर पहाटे तिथे पोरांना बसू द्यावे आणि एका वडीलधाऱ्या माणसाने सोबतीला थांबावे.

आणि जे फडावर आहेत त्यांनी असे समजू नये की, आपण लांब आहोत, आपल्याने काय होणार? कोपीतली माणसे अंधारातच उठतात. चूल पेटवायच्या आधी आईने चकलांब्याला फोन लावून एवढेच म्हणावे, "ऊठ बाळा, साडेचार झाले." सुभेदार रामजी तरी याहून वेगळे काय करीत होते?