मांडीवरचं पोरही माणसात मोजा

गेल्या महिन्यात इथल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "घरात माणसं वाढलीत, जुनी सात सीटची गाडी घ्यायची आहे. कुठली घेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा. माझं मत काहींना पटणार नाही, तेही ठाऊक आहे.

आमचं घर बेळगावात अनगोळला. आम्ही दोघं भाऊ एकत्रच राहतो. आई, आम्ही दोघं नवरा-बायको, आमचा थोरला, भाऊ-भावजय आणि त्यांची मुलगी अशी सात माणसं होतो. दोन वर्षांपूर्वी भावाला मुलगा झाला आणि आठ झालो. गाडीचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "आपण सातच की. बाळ काय, मांडीवर बसतंय." माझं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. आमच्या आप्पांनी १९९४ च्या सुमारास जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. तुमच्यातल्या निम्म्या घरांत ती होती. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली, पुढे 'ओम्नी' झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात पुढं बसणाऱ्याची बूड भाजायची. त्या गाडीतून आम्ही जोतिबाला गेलो, चोर्ला घाटातून गोव्यात कवळ्याला कुलदेवीला गेलो, आंबोलीमार्गे सावंतवाडीला लग्नाला गेलो. माणसं किती होती विचारू नका. अकरापर्यंत मला आठवतात. मागं सतरंजी टाकून पोरं बसवायची, मध्ये डबे, वर बोचकी. सरकतं दार नीट लागलंय की नाही ते बघायला एक काका नेमलेला असायचा.

त्या प्रवासांची मजा होती, नाही म्हणत नाही. पण "आम्ही अकरा जण जात होतो, काय झालं आम्हाला?" हे वाक्य मला आता सहन होत नाही. झालं नाही, कारण रस्ता एकपदरी होता आणि गाडी साठच्या वर जात नव्हती. आज हायवेवर शंभरनं गाड्या पळतात. त्या व्हॅनमध्ये पुढच्या माणसाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा होता. आठवण गोड आहे म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही.

मला हे कळलं ते असं. पुतण्या नऊ महिन्यांचा होता. भाड्याची गाडी करून आम्ही गोव्याला निघालो होतो. बाळ भावजयीच्या मांडीवर, मधल्या सीटवर. घाटात एका वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. वेग चाळीसही नसेल. भावजयीनं दोन्ही हातांनी धरलेलं असूनही पोरगं पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं. ओठ फाटला, दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. भावजय त्यानंतर कित्येक दिवस "माझ्या हातातनं सुटलं" म्हणून रडायची. तिचा काही दोष नव्हता. ब्रेकच्या त्या झटक्यात आठ-नऊ किलोचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही, पैलवानाच्याही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंडाचं कलमच आहे. पण दंड जाऊ दे, तो ओठ बघा.

म्हणून पहिला नियम: माणसं मोजताना मांडीवरचं पोरही मोजा. तुम्ही पाच आणि एक तान्हं असाल तर तुम्ही सहा आहात.

दुसरा नियम: गाडी पुढून बघू नका, मागून बघा. आपण शोरूममध्ये असो की एजंटाच्या पटांगणात, आधी स्टिअरिंगवर जाऊन बसतो. सात सीटच्या गाडीचा खरा कस तिसऱ्या रांगेत लागतो. आईला घेऊन जा. तिला मागच्या रांगेत चढून-उतरून दाखवायला सांगा. आमच्या आईचे गुडघे दुखतात. ती एका गाडीत चढली आणि उतरताना तिला दोघांनी ओढून काढावं लागलं. ती गाडी तिथंच बाद. आईला मध्ये बसवू म्हणाल, तर मग मागं कोण? मुलं. मग मुलांच्या त्या सीटला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का बघा. जुन्या क्वालिस, सुमो, टवेरामध्ये मागं समोरासमोर बसायच्या आडव्या सीटा असायच्या. गप्पांना झकास, पण मुलांना तिथं बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलाची सीट बसवायला मधल्या रांगेत आयसोफिक्सचे हूक आहेत का, तेही बोट घालून चाचपा.

आणि सामान? सातही सीटा उभ्या असताना दुसऱ्या पिढीच्या अर्टिगात मागं २०९ लिटर जागा उरते, ट्रायबरमध्ये ८४. म्हणजे ट्रायबरमध्ये सात माणसं बसली तर पूजेची पिशवी आणि कुंद्याचे डबे, बास. ट्रायबर वाईट गाडी नाही, धडक चाचणीत तिला चार तारे मिळाले होते. पण ९९९ सीसीवर सात माणसं घेऊन चोर्ला चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरची तपश्चर्या. पाच जणांचं घर आणि अधूनमधून दोन पाहुणे असतील तर ती बरी. ईको स्वस्त आहे, ऐसपैस आहे, पण तिच्या सात सीटच्या मॉडेलला बरीच वर्षं एसीच नव्हता, आणि २०१६ च्या चाचणीत तिला शून्य तारे होते. दुकानाच्या मालाला घ्या, पोरांना नको. इनोव्हा दणकट, मागं बसायला सगळ्यांत चांगली, पण जुनीही महाग, आणि बाजारात येणाऱ्या कित्येक इनोव्हा आधी टॅक्सी म्हणून फिरलेल्या असतात. पिवळी पाटी जाऊन पांढरी झाली तरी इंजिनानं खाल्लेले किलोमीटर जात नाहीत. आरसीवर आणि परिवहनच्या ॲपवर आधीची नोंद बघा. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्याही स्वस्तात मिळतात. शेवरलेची विक्री २०१७ अखेर थांबली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. किंमत मोह पाडते, पण पार्टसाठी फोन करत फिरायची तयारी असेल तरच.

एअरबॅगचं एक साधं गणित सांगतो. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या कारना २०१९ च्या मध्यापासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ च्या सुरुवातीपासून. त्याआधीची गाडी घेत असाल तर त्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीतली शोधा. अलॉय चाकं नसली तरी चालतील, दोन एअरबॅग आणि एबीएस नसेल तर चालणार नाही.

डिझेल की पेट्रोल? महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर होत असतील तर डिझेल. आपलं काय होतं? शाळा, बाजार, क्लास, महिन्यातून एकदा खानापूर किंवा कोल्हापूर. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. गावातल्या गावात फिरवली की तो चोंदतो आणि खर्च काढतो. आपल्यासारख्यांनी पेट्रोलच घ्यावं.

आता नाजूक विषय. एमएच ०९ दिसलं की आपल्यातल्या काहींच्या छातीत कायतरी होतंय. मलाही होतं, खोटं का बोलू? कोल्हापुरातली गाडी, मराठी मालक, भाव दहा-पंधरा हजारांनी कमी, आणि वर तो नंबर! पण गाडी तुमच्या दारात कायमची राहणार असेल तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणून बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो आणि वयाच्या हिशोबानं कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. हा कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण हेलपाटे मोजा. ओळखीतले एकजण "बघूया की" म्हणत तीन वर्षं तसेच फिरले आणि शेवटी कर, दंड, एजंट मिळून सगळी बचत गेली. गोव्याच्या गाडीचंही तेच. शिवाय समुद्राकाठच्या खाऱ्या हवेनं खालचा पत्रा खाल्लेला असतो, जॅकवर चढवून बघितल्याशिवाय घेऊ नका. मराठीपण नंबर प्लेटवर टिकत नाही. ते पोरं घरात काय बोलतात, काय वाचतात यावर टिकतं. हे लिहिल्याबद्दल शिव्या घालायच्या त्यांनी खुशाल घाला.

कोल्हापूर-सांगलीकडची गाडी घेताना आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत तिकडं महापूर आला, आपल्याकडंही कमी नव्हता. पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेट उचलल्यावर कुबट वास असेल तर तिथून परत फिरा. इंजिन चालू झालं म्हणून भुलू नका, वायरिंगचा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो.

बाकी तपासणी थोडक्यात. गाडी सकाळी थंड असताना बघायला जा. तुम्ही पोचायच्या आत बॉनेट गरम असेल तर विचारा, का? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा म्हणजे ऑइलात पाणी जातंय. टायरवरचे चार आकडे वाचा, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतं आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास नको. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मागा. एसी लावून मागच्या रांगेत दहा मिनिटं बसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरचे सगळे भरून एक चढ चढून बघा. एकट्यानं घेतलेली ट्रायल काही सांगत नाही.

कागदांत आम्ही एकदा फसलोय. पहिली गाडी पसंत पडली, एजंटाला विसार दिला. नंतर कळलं, आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच आहे. "पंधरा दिवसांत उतरवतो" म्हणत तीन महिने गेले, आणि विसारातला निम्मा पैसाच परत आला. चूक आमचीच, आधी बघायला हवं होतं. बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच दिवशी भरा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो धरून हिशोब करू नका. किमतीच्या वर दहा टक्के बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ब्रेक यांत ते जाणारच.

शेवटी आम्ही काय केलं? केए २२ ची, एकाच मालकाची, २०१९ ची पेट्रोल अर्टिगा घेतली. भावानं आणि मी निम्मे-निम्मे घातले. आरसी भावाच्या नावावर, कारण लहान पोरं त्याची, गाडी जास्त त्याला लागणार. यावरून घरात थोडं वाजलं, ते इथं लिहीत नाही. पण दोघांनी मिळून घेताना नाव, विमा, पेट्रोल, टायर कुणाचं हे आधी कागदावर लिहा. भाऊबंदकी गाडीपायी होऊ नये.

"आणि आठवं माणूस?" असं विचाराल. पुतण्याची सीट मधल्या रांगेत पट्ट्यानं बांधलेली असते. सगळे जायचे असले की मी किंवा माझा थोरला बसनं जातो. पहिल्या खेपेला आई रागावली. "आपली गाडी असताना माझा ल्योक बसनं जाणार?" म्हणून घाट उतरेपर्यंत कुणाशी बोलली नाही. मी कवळ्याला तासभर उशिरा पोचलो. नैवेद्य त्यांनी थांबवून ठेवला होता. मला बघून आईनं पानं वाढायला घेतली. अजूनही ती "आपण सात" असं म्हणता म्हणता थांबते आणि "आठ" म्हणते. गाडीपेक्षा मला त्याचं जास्त समाधान आहे.

तुमच्या घरी तान्ह्याला कुठं बसवता, ते खाली खरं खरं लिहा. कुणाला नावं ठेवायची नाहीत. आपण सगळेच त्या सतरंजीवर बसून मोठे झालोय.