कावळा पडला, कुणाला कळवलं?

कावळा अंगणात ओरडला की पाहुणा येणार, हे आपण आजीपासून ऐकत आलो. पण कावळा मरून पडला तर? मागच्या पावसाळ्यात शेलूबाजारला आमच्या गल्लीत पडला होता. लगेच कुजबुज, ‘अपशकुन गं बाई!’ कुणी म्हणालं, बर्ड फ्लू. पोरांनी काठीने तो नालीत ढकलला. झालं, विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. 1999 साली न्यूयॉर्कमध्ये असेच कावळे पटापट मरू लागले होते. त्याच सुमारास माणसांना मेंदूज्वर झाला. दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनामारा या बाईंनी मात्र धोशा लावला, की पक्षी आणि माणसं एकाच रोगाने जाताहेत. आधी कुणी मनावर घेतलं नाही. (बाईचं पहिल्यांदाच ऐकलं असं होतं कुठे!) शेवटी त्यांचंच खरं निघालं. रोग होता वेस्ट नाईल. डास आजारी पक्ष्याला चावतो, मग माणसाला. त्या साली तिथे 7 माणसं दगावली.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. या विषाणूच्या खुणा मुंबईकरांच्या रक्तात 1952 मध्येच सापडल्या होत्या. केरळात 2019 साली एक लहान मुलगा याच रोगाने गेला. याचाच भाऊबंद जपानी मेंदूज्वर. तो आपल्या विदर्भातही आहे. त्याचा विषाणू बगळे, ढोकरी यांच्या रक्तात वाढतो आणि डुकरांच्याही. गंमत अशी, की बगळे त्याने मरत नाहीत, म्हणून इशाराही मिळत नाही.

मग ‘बगळे बसतात ती चिंचच तोडा’ म्हणणारे निघतात. चिंच तोडली तर बगळे दुसऱ्या झाडावर जातील, डास जागेवरच राहतील. हे क्युलेक्स डास साचलेल्या पाण्यात वाढतात, संध्याकाळपासून रात्रभर चावतात. जपानी मेंदूज्वराची लस निवडक जिल्ह्यांत बाळांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. वेस्ट नाईलवर माणसांसाठी लसच नाही.

कावळा विषबाधेनेही मरतो, बर्ड फ्लूनेही. नुसतं बघून सांगता येत नाही, तपासावंच लागतं. म्हणून उघड्या हाताने शिवायचं नाही, नालीत ढकलायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आणि तापात मुलाला झटके आले, बरळायला लागलं, तर अंगारा-धुपारा न करता थेट दवाखाना.

आमच्या नालीत आमच्याच मोऱ्यांचं पाणी तुंबतं. शोषखड्ड्यांचा विषय मी येत्या महिला ग्रामसभेत काढणार आहे. कावळ्याचंही सांगणार आहे, हसले तरी.